आयलंड पीक मोहिमेला निघताय? उंचीचा आजार, औषधे आणि वेळीच परत फिरण्याचा निर्णय

साधारण पन्नाशीचे गृहस्थ आणि त्यांची मुलगी दवाखान्यात येतात. बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे आणि साखर काठावर आहे. दर रविवारी सिंहगड चढण्याची त्यांची सवय वीस वर्षांची. ऑक्टोबरमध्ये नेपाळमधल्या आयलंड पीकला जायचे, गाइड, शेर्पा, तंबू, जेवण सगळे पॅकेजमध्ये आहे आणि निम्मे पैसे भरूनही झाले आहेत. बाबांना हवे असते फिटनेस सर्टिफिकेट. मुलीला हवे असते एका प्रश्नाचे उत्तर: "डॉक्टर, बाबांनी जावं की नाही?"

असे रुग्ण आता वारंवार येतात. प्रश्नाचे उत्तर मात्र नुसत्या ईसीजीवर किंवा ट्रेडमिल टेस्टवर देता येत नाही. मोहीम किती दिवसांची आहे, रोज किती उंची गाठायची आहे, त्रास झाला तर खाली यायची सोय आहे का आणि तो निर्णय कोण घेणार, यावरही ते तितकेच अवलंबून असते. म्हणून हा लेख जाणाऱ्यांसाठी आहे, तसाच घरी थांबणाऱ्यांसाठीही.

उंचीवर शरीरात नेमके काय होते?

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजन कमी होतो. नामचे बाजार येथे (३,४४० मीटर) तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पला (५,३६४ मीटर) जवळजवळ निम्मा आणि आयलंड पीकच्या माथ्यावर (सुमारे ६,१८९ मीटर) निम्म्याहून कमी.

शरीर याच्याशी जुळवून घेते. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, लघवी जास्त होते आणि पुढच्या काही आठवड्यांत तांबड्या पेशी वाढतात. याला आपण सोप्या भाषेत 'उंची अंगवळणी पडणे' म्हणू. यासाठी दिवस लागतात. ते दिवस पैसे देऊन किंवा व्यायाम करून कमी करता येत नाहीत.

"मी तर दर आठवड्याला गड चढतो!"

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. सिंहगड, राजगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या चढाईने पाय, हृदय आणि दम तयार होतो, आणि तो हवाच. पण महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. आयलंड पीकचा ट्रेक जिथे सुरू होतो ते लुक्ला २,८६० मीटरवर आहे. म्हणजे आपला सर्वांत उंच माथासुद्धा त्यांच्या पहिल्या पायरीच्या बराच खाली आहे. सह्याद्रीत कितीही सराव केला तरी विरळ हवेची सवय होत नाही.

उंचीचा आजार वय, लिंग किंवा फिटनेस पाहून होत नाही. उलट तरुण आणि तंदुरुस्त माणूस भराभर चढतो, त्रास लपवतो आणि जास्त अडचणीत येतो. भारतीय लष्करातील डॉक्टरांनी १९६९ साली उंचावर पाठवलेल्या १,९२५ सैनिकांमधील या आजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते सगळे धडधाकट जवान होते.

यापूर्वी उंचीवर गेल्यावर तुम्हाला काय झाले होते, हा भविष्याचा सर्वांत चांगला अंदाज असतो. लेह, लाहौल-स्पिती, केदारकंठा किंवा एखाद्या उंच खिंडीवर डोकेदुखी, उलट्या किंवा दम लागण्याचा त्रास झाला असेल, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा.

तीन आजार, तीन धोक्याच्या पातळ्या

१. ॲक्युट माउंटन सिकनेस. डोकेदुखी हे मुख्य लक्षण. सोबत मळमळ किंवा भूक मरणे, खूप थकवा, चक्कर यांपैकी काहीतरी. नव्या उंचीवर पोहोचल्यानंतर काही तासांत किंवा पहिल्या रात्री ते सुरू होते. रात्री जास्त दारू प्यायल्यावर सकाळी जसे वाटते, साधारण तसेच. बहुतेकांना तिथेच थांबून विश्रांती घेतल्यावर एक-दोन दिवसांत बरे वाटते.

२. मेंदूला सूज. वरील त्रासाकडे दुर्लक्ष करून चढत राहिल्यास हे होऊ शकते. माणूस गोंधळतो, चिडचिड करतो किंवा अगदी गप्प होतो आणि चालताना झोकांड्या जातात. ओळखण्याची सोपी चाचणी अशी: जमिनीवर सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना लावून दहा पावले चालायला सांगा. तोल जात असेल तर हे मेंदूला सूज आल्याचे समजूनच वागा. उपचार न झाल्यास काही तासांत बेशुद्धी आणि मृत्यू येऊ शकतो.

३. फुप्फुसात पाणी साठणे. नव्या उंचीवर गेल्यानंतर बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री हे दिसते. आधी चढताना इतरांपेक्षा खूप मागे पडणे, कोरडा खोकला. मग बसल्या जागीही धाप, आडवे झोपता न येणे, ओठ-नखे निळसर होणे आणि शेवटी गुलाबी फेसाळ थुंकी. डोकेदुखी नसतानाही हे होऊ शकते. उंचीच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

लक्षात ठेवायचे नियम तीनच:

- उंचीवर गेल्यावर झालेला त्रास, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीचाच समजा.
- लक्षणे असताना आणखी वर झोपायला जाऊ नका.
- लक्षणे वाढत असतील, तोल जात असेल किंवा विश्रांतीतही धाप लागत असेल तर लगेच खाली उतरा. रात्र असली तरी सोबतीने उतरा.

वेळापत्रक वाचायला शिका

मोहिमेचे पत्रक हातात आले की शिखराचा फोटो बाजूला ठेवा आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची एका कागदावर लिहा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा मुक्काम असावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणे चालते, किंबहुना ते फायद्याचे असते.

आयलंड पीकसाठी समाधानकारक आखणी साधारण अशी असते:

- लुक्ला (२,८६० मीटर) येथे उतरून फाकडिंग (२,६१० मीटर) येथे मुक्काम
- नामचे बाजार (३,४४० मीटर): दोन रात्री. मधल्या दिवशी ३,८०० मीटरच्या पुढे चढून परत
- तेंगबोचे (३,८६० मीटर): एक रात्र
- दिंगबोचे (४,४१० मीटर): दोन रात्री
- लोबुचे (सुमारे ४,९०० मीटर), मग गोरक शेप (५,१६४ मीटर) आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पची फेरी
- खाली येऊन छुकुंग (४,७३० मीटर): विश्रांती आणि दोर, जुमार, क्रॅम्पॉनचा सराव
- आयलंड पीक बेस कॅम्प (सुमारे ५,१०० मीटर), शिखर आणि परत
- खराब हवामान किंवा आजारपणासाठी किमान एक-दोन राखीव दिवस

फाकडिंगहून नामचेला एका दिवसात आठशे मीटरहून जास्त चढ होतो. म्हणूनच तिथे दोन रात्री काढायच्या असतात. काही स्वस्त पॅकेजमध्ये नामचे किंवा दिंगबोचेची दुसरी रात्र कापलेली असते, किंवा राखीव दिवस नसतो. दोन दिवसांच्या रजेसाठी आणि थोड्या पैशांसाठी केलेली ही काटकसर मोहिमेतील सर्वांत महागडी ठरू शकते. अशी आखणी असेल तर माझे उत्तर 'नाही' असते, रिपोर्ट कितीही चांगले असोत.

आयोजकांना हे प्रश्न विचारा

१. त्रास झाला तर मला एकट्याला खाली नेण्यासाठी वेगळा माणूस असेल का, की सगळा गट थांबेल?
२. गाइडला उंचीच्या आजाराचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आहे का?
३. ऑक्सिजन सिलिंडर, पल्स ऑक्सिमीटर आणि हवा भरून दाब वाढवणारी पिशवी (गॅमो बॅग) सोबत असते का?
४. शिखराच्या दिवशी किती वाजता परत फिरायचे हे आधी ठरलेले असते का?
५. मध्येच परतावे लागल्यास परतीचा खर्च कोण करणार?
६. भारवाहकांच्या कपड्यांची, विम्याची आणि उपचारांची सोय काय आहे? त्यांनाही उंचीचा आजार होतो.

शेवटचा प्रश्न अनेकांना अनाठायी वाटतो. पण जो आयोजक ओझे वाहणाऱ्याची काळजी घेतो, तो तुमचीही घेण्याची शक्यता जास्त असते.

आयलंड पीकचा शेवटचा टप्पा बर्फाची तीव्र चढण आणि दोर लावलेली अरुंद धार असा आहे. तो ट्रेक नाही, गिर्यारोहण आहे. आधी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेतून, उदाहरणार्थ उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, प्राथमिक अभ्यासक्रम केलेला असेल किंवा पाच हजार मीटरच्या आसपासचा अनुभव असेल तर उत्तम. तसा अनुभव नसेल तर या वर्षी फक्त बेस कॅम्पपर्यंत जाणे हा कमीपणा नाही.

आधीपासून आजार असेल तर

उच्च रक्तदाब: नियंत्रणात असेल तर बहुतेकांना जाता येते. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब वाढू शकतो. गोळ्या बंद करू नका. लघवी वाढवणारी गोळी असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण शरीरातील पाणी कमी होऊ शकते.

हृदयविकार: अलीकडे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, छातीत दुखत असेल, हृदय कमजोर असेल किंवा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या तपासणीशिवाय जाऊ नका. यांपैकी काहींनी अजिबात जाऊ नये.

मधुमेह: थंडीत ग्लुकोमीटर चुकीचे आकडे दाखवू शकतो किंवा बंद पडतो. इन्सुलिन गोठले तर निकामी होते. दोन्ही दिवसा कपड्यांच्या आत, अंगाजवळ आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. साखर कमी होण्याची लक्षणे आणि उंचीचा आजार सारखेच वाटतात, म्हणून आधी साखर तपासा. ज्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात त्या मोहिमेत चालू ठेवायच्या का, हे निघण्यापूर्वीच ठरवा. उपासमार, उलट्या आणि निर्जलीकरणात त्या धोकादायक ठरू शकतात.

दमा: नियंत्रणात असेल तर जाता येते. इनहेलर आतल्या खिशात ठेवा, एक जास्तीचाही घ्या.

रक्तक्षय: आपल्याकडे अनेक महिलांना तो असतो आणि माहीतही नसतो. हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोह किमान तीन महिने आधी तपासा, म्हणजे उपचाराला वेळ मिळेल.

सिकलसेल: विदर्भ आणि आदिवासी भागांतील कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सिकलसेल रुग्णांनी अशा उंचीवर जाऊ नये. केवळ वाहक असलेल्यांनाही उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. घरात कोणाला आजार असेल तर आधी रक्ततपासणी करा.

गर्भावस्था: अशी मोहीम पुढे ढकला.

औषधांबद्दल

ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) हे उंचीचा आजार टाळण्यासाठी सर्वाधिक वापरले जाते. ते श्वसन वाढवून शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करते. लक्षणे झाकत नाही. प्रौढांना प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येणे, वारंवार लघवी होणे आणि सोडा बेचव लागणे हे नेहमीचे परिणाम आहेत. सल्फा औषधांची तीव्र ॲलर्जी, किडनी किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टरांना सांगा. निघण्यापूर्वी घरीच दोन दिवस घेऊन पाहा.

डेक्सामेथासोन (मेंदूच्या सुजेसाठी) आणि निफेडिपिन (फुप्फुसातील पाण्यासाठी) ही आणीबाणीची औषधे आहेत. त्यांची मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कागद गाइडलाही दाखवा. ही औषधे खाली उतरेपर्यंत वेळ मिळवून देतात. ती घेऊन वर चढणे म्हणजे फायर अलार्मची वायर कापून झोपण्यासारखे आहे.

झोपेच्या गोळ्या आणि दारू टाळा. दोन्ही रात्रीचे श्वसन मंद करतात. लसूण सूप गरम आणि चवदार असते, जरूर प्या, पण त्याला औषध समजू नका. दिवसभरात तीन ते चार लिटर द्रव पुरेसे असते. त्याहून फार जास्त साधे पाणी पिण्यानेही रक्तातील सोडियम घटून त्रास होतो. डाळ-भात, बटाटे, पोहे असे पिठूळ पदार्थ पचायला सोपे जातात.

पल्स ऑक्सिमीटरवर ४,४०० मीटरवर ८० ते ९० मधला आकडा दिसणे सामान्य आहे. थंड बोटांवर तो चुकतो. आकडा चांगला पण माणूस झोकांड्या खातो, तर माणसावर विश्वास ठेवा. त्याउलट, सगळ्या गटापेक्षा एकाचाच आकडा खूप कमी असेल आणि त्याला धाप लागत असेल, तर ती धोक्याची घंटा आहे.

मदत कुठे मिळते?

नामचेच्या वर खुंदे गावी एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने १९६६ साली उभे राहिलेले रुग्णालय आहे. दिंगबोचेजवळ फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे केंद्र आहे. ही संस्था १९७३ साली स्थापन झाली. मोसमात तिथले डॉक्टर उंचीच्या आजारावर व्याख्यान देतात. वेळापत्रकात तो तास जरूर बसवा.

हेलिकॉप्टर हा खात्रीचा उपाय नाही. रात्री आणि ढगाळ हवेत ते येत नाही. म्हणून दुपारी तीन वाजता सुरू झालेली धाप "सकाळी बघू" म्हणून ठेवायची नसते. स्थिती बिघडत असेल तर उजेड असेपर्यंत पायी, खेचरावर किंवा पाठीवर, ३०० ते १,००० मीटर खाली आणणे हाच खरा उपचार. विमा घेताना तो ६,००० मीटरपेक्षा जास्त उंचीच्या दोर वापरून केलेल्या गिर्यारोहणाला आणि हेलिकॉप्टर बचावाला लागू आहे का, हे लेखी विचारा. साध्या प्रवास विम्यात हे बहुधा नसते. जुने आजारही प्रामाणिकपणे नोंदवा, नाहीतर दावा नाकारला जाऊ शकतो.

घरी असलेल्यांसाठी

मोहिमेत कुटुंबाचा वाटा फक्त स्टेशनवर निरोप देण्याचा नाही.

- वेळापत्रक, गाइडचा आणि आयोजकांचा फोन, विम्याचा क्रमांक आणि औषधांची यादी घरात एका जागी ठेवा.
- फोन लागला की "कुठपर्यंत पोहोचलात?" याआधी "डोकं दुखतंय का? जेवण गेलं का? रात्री धाप लागली का?" हे विचारा.
- बोलणे अडखळत असेल, तेच तेच सांगत असतील किंवा नेहमीच्या स्वभावाविरुद्ध वागत असतील, तर लगेच गाइडशी बोला. मेंदूला सूज आलेल्या माणसाला स्वतःला काही झाले आहे हे कळत नाही.
- एक-दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. तिथे नेटवर्क बेभरवशाचे असते.
- "एवढे पैसे भरलेत, आता करूनच या" हे वाक्य चुकूनही बोलू नका. निघण्यापूर्वीच सांगा, "परत फिरलात तरी आम्हाला आनंदच आहे." पाच हजार मीटरवर निर्णय घेताना हे वाक्य आठवते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तपासण्या कधी कराव्यात?
किमान तीन महिने आधी. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, किडनीच्या तपासण्या, ईसीजी आणि वय किंवा जोखमीनुसार इकोकार्डिओग्राम किंवा ट्रेडमिल टेस्ट. दातही तपासून घ्या; किडका दात वर ठणकू लागला तर झोप आणि जेवण दोन्ही जाते.

सर्दी-खोकला झाला असेल तर?
ताप किंवा छातीचा संसर्ग असेल तर चढणे थांबवा. श्वसनाच्या संसर्गात फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका वाढतो.

बोटे बधिर झाली तर?
ओले मोजे-हातमोजे लगेच बदला, बोटे काखेत किंवा सोबत्याच्या पोटाशी धरून ऊब द्या. बर्फाने चोळू नका. शेकोटीवर धरू नका. बधिर त्वचा भाजते आणि कळत नाही.

खाली आल्यावर बरे वाटले तर परत वर जाता येईल का?
साध्या माउंटन सिकनेसमध्ये, औषधाशिवाय पूर्ण बरे वाटल्यावर, सावकाश जाता येते. मेंदूची सूज किंवा फुप्फुसातील पाणी झाले असेल तर त्या मोहिमेत पुन्हा वर जाऊ नये.

मग बाबांनी जावे का?

सुरुवातीच्या त्या गृहस्थांना मी सर्टिफिकेट लगेच देत नाही. आधी वेळापत्रक मागतो. त्यात दिंगबोचेची दुसरी रात्र नसेल तर ती घालून आणायला सांगतो. रक्तदाब आणि साखर तीन महिने नियंत्रणात आहे हे पाहतो, हृदयाची तपासणी करून घेतो. मग बाप-लेकीला समोरासमोर बसवून एकच गोष्ट ठरवून घ्यायला सांगतो: गाइड "खाली चला" म्हणाला तर वाद घालायचा नाही, आणि घरी त्याबद्दल कोणी टोमणा मारायचा नाही.

हे मान्य असेल तर पन्नाशीतला, औषधे नियमित घेणारा माणूस अशा मोहिमेचा आनंद घेऊ शकतो. मान्य नसेल, तर पंचविशीतल्या धावपटूलाही मी थांबायला सांगेन. शिखर पुढच्या वर्षीही तिथेच असते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. कोणतेही औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*